पवनचक्क्यांच्या माळावरची विमानशाळा

विमान उडालं की त्याची काही गोष्ट होत नाही. गेलं, आलं, पोरांनी वहीत वेळ लिहिली, संपलं. विमान उडालं नाही की मात्र सगळे माझ्या कॅन्टीनमध्ये येऊन बसतात, चहा मागतात, आणि चहाबरोबर कुणीतरी काहीतरी बोलून जातं. तीन वर्षांत माझ्याकडे एवढे किस्से साचलेत, की आमची विमानशाळा किती उडते ते तुम्हीच समजून घ्या!

शाळा आहे मांजरसुंब्याच्या अलीकडे, डोंगरावरच्या माळावर. इथं आधी पवनचक्कीवाले आले. त्यांनी कितीतरी दिवस वारा मोजला, इथला वारा कधी थांबतच नाही अशी खात्री करून घेतली, आणि समोरच्या डोंगरावर ओळीनं पवनचक्क्या उभ्या केल्या. त्या गरगर फिरताना बघून आमच्या मालकांना जागा फार पसंत पडली. त्यांनी अलीकडच्या माळावर विमान शिकवायची शाळा काढली. मालक दूरदृष्टीचे. स्वतः मात्र लांब राहतात, जिथं हवा चांगली असते तिथं.

शिकवायला आहेत कॅप्टन साहेब, पुण्याचे. रोज पहाटे साडेपाचला धावपट्टीच्या टोकाशी जाऊन उभे राहतात. तिथं खांबावर कापडाचा लांबलचक मोजा टांगलेला आहे. वारा कुठून आणि किती, ते त्याच्यावरून कळतं. साहेब मोज्याकडे बघतात, मग ढगाकडे, मग चष्मा पुसतात, परत बघतात आणि म्हणतात, "आज नको."

एवढंच! दोन शब्द! पण त्या दोन शब्दांसाठी पोरं पहाटे चारला उठून, अंघोळ करून, पांढरा कडक शर्ट घालून येतात.

यंदाची आमची प्रज्ञा. पालीची पोरगी. वडील गौतमभाऊ वीज खात्यात लाइनमन. तिला करायचा होता सोलो, म्हणजे शेजारी साहेब नसताना एकटीनं विमान वर न्यायचं, एक चक्कर मारायची आणि खाली आणायचं. तिच्या बॅचची चार पोरं डिसेंबरातच सोलो करून मोकळी झाली. हिला नेमका तेव्हाच टायफॉइड झाला. बरी होऊन परत आली, तोवर चांगली हवा संपली होती. आता पावसाळ्याआधी सोलो व्हायलाच हवा होता. जूनमध्ये शाळा बंद होते ती दिवाळीनंतर उघडते, तेवढ्यात शिकलेला हात सुटतो, आणि मग सगळं पहिल्यापासून.

"काकू, पाच महिने आहेत की अजून," जानेवारीत ती मला म्हणाली होती. नवीन होती बिचारी.

*

जानेवारीत धुकं. खाली बिंदुसरेच्या धरणावरून उठतं आणि आमच्या पट्टीवर येऊन बसतं. त्यालाही सपाट जागा आवडत असावी.

धुक्यात किती लांबचं दिसतं ते ठरवायला आमच्याकडे खुणा आहेत. आधी पाण्याची टाकी, मग मोबाइलचा टॉवर, आणि सगळ्यात लांब टेकडीवरचं मारुतीचं देऊळ. देऊळ दिसलं की उडायला हरकत नाही. ते बघायचं काम शेषरावांचं. शेषराव आमचे वॉचमन, पट्टीवरच्या शेळ्या आणि कुत्री हाकलतात, आणि मधल्या वेळात हवामानाचं बघतात.

एकदा साहेबांनी आतूनच विचारलं, "शेषराव, देऊळ दिसतंय का?"

"दिसायलंय की साहेब, लख्ख!"

प्रज्ञा पळतच विमानाकडे निघाली. साहेब बाहेर आले. समोर सगळं दुधासारखं पांढरं.

"कुठे आहे देऊळ?"

"ह्ये काय, नाकासमोर."

"मला तर टाकीसुद्धा दिसत नाही!"

"साहेब, तुमी नवीन हाव. माझं आयुष्य हितं गेलं. देऊळ तिथंच हाय, ते कुठं जातंय?"

दुसऱ्या दिवशी साहेबांनी पुणेरी डोकं चालवलं. म्हणाले, "शेषराव, देवळावरचा झेंडा कुठल्या बाजूला फडकतोय, तेवढं सांगा."

शेषराव डोळ्यांवर हात धरून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "आता इतकं बारीक कसं सांगू साहेब? धुकं न्हाई का पडलेलं!"

*

फेब्रुवारीच्या शेवटी एक दिवस साहेब स्वतःहून म्हणाले, "गुरुवारी बघू." साहेबांच्या तोंडून वार निघाला म्हणजे केवढी मोठी गोष्ट! प्रज्ञानं घरी सांगितलं, घरच्यांनी भावकीत सांगितलं, आणि बुधवारी संध्याकाळी पाली फाट्यावर फ्लेक्स लागला. 'पालीच्या कन्येची गगनभरारी. एकटीने विमान चालविल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' खाली गुरुवारची तारीख, आणि शुभेच्छुक म्हणून बावीस जणांचे फोटो. प्रज्ञाचा फोटो त्यांच्यापेक्षा थोडा मोठा होता.

गुरुवारी साहेब म्हणाले, "आज नको." वारा आडवा होता.

आता फ्लेक्स तर लागलेला. चुलतभावांनी तारखेवर नवीन तारखेचं स्टिकर लावलं. त्या दिवशीही वारा. मग अजून एक स्टिकर. चौथ्या स्टिकरच्या वेळी दुकानदार म्हणाला म्हणे, "आरं, तारखेची जागा कोरीच ठेवा की, खडूनं लिहीत जा!"

मग एका दुपारी असा वारा सुटला, की तो फ्लेक्स चौकटीतून निघाला आणि शुभेच्छुकांना घेऊन रस्त्यापलीकडं कुणाच्या तरी उसात जाऊन पडला. शेषराव येता येता ते बघून आले आणि गंभीरपणे प्रज्ञाला म्हणाले, "पोरी, तुझा फोटू उडाला बघ. पर एकटा न्हाई, बावीस पॅसेंजर घेऊन."

*

भावकी एकदा प्रत्यक्षही आली. एक जीप, तीन मोटारसायकली, हलगीवाला, हार, शाल, नारळ, आणि पेढ्यांचा खोका. पट्टीच्या कुंपणाबाहेर सतरंजी टाकून सगळे बसले. मी चहा नेऊन दिला. साहेबांनी मोज्याकडे बघितलं, चष्मा पुसला, परत बघितलं.

"आज नको."

हलगीवाल्यानं हलगी पिशवीत घातली. आता आमच्याकडे एक पद्धत आहे. आणलेला हार परत न्यायचा नसतो. कार्यक्रम होवो न होवो, सत्कार झालाच पाहिजे. प्रज्ञाच्या चुलत्यांनी इकडंतिकडं बघितलं. समोर युनिफॉर्म घातलेला एकच मोठा माणूस होता. त्यांनी साहेबांना हार घातला, शाल पांघरली, हातात नारळ दिला. हलगीवाल्यानं परत हलगी काढली. मग कुणीतरी म्हणालं, "साहेब, दोन शब्द बोला!"

साहेब हार घालून उभे. खूप अवघडले. शेवटी म्हणाले, "आज वारा जास्त होता. म्हणून मी नको म्हणालो. धन्यवाद."

टाळ्या काय वाजल्या!

फोटो ग्रुपवर गेला आणि दिवसभर प्रज्ञाला अभिनंदनाचे फोन येत राहिले. दुपारपर्यंत ती "अजून उडाले नाही" असं सांगत होती. मग कंटाळून "थँक्यू" म्हणायला लागली.

*

सोलो झाला की त्या पोराच्या किंवा पोरीच्या अंगावर बादलीभर पाणी ओतायचं, असा सगळीकडच्या विमानशाळांत रिवाज आहे म्हणे. बहुतेक जिथं नळाला पाणी येतं तिथं हा रिवाज निघाला असावा. आमच्याकडे टँकर येतो. तरी प्रज्ञासाठी मी रोज पहाटे एक बादली बाजूला काढून ठेवायची. नऊ वाजता "आज नको" पक्कं झालं, की त्यातच भांडी घासायची.

एक दिवस साहेब बादलीत डोकावून म्हणाले, "काकू, पाणी ताजं आहे ना?"

"पाणी आजचंच आहे साहेब," मी म्हटलं. "सोलो शिळा झालाय."

साहेबांनी चहा अर्धाच घेतला त्या दिवशी. मला रात्री वाईट वाटलं. सकाळी मी त्यांच्या चहात आलं जास्त टाकलं.

*

एप्रिलमध्ये गेवराईला तिच्या मावसबहिणीचं लग्न होतं. प्रज्ञाला जायचं नव्हतं. "सगळे विमानाचंच विचारतील काकू," ती म्हणाली. मी म्हटलं, चल, मी येते सोबत, माझीही तिकडं ओळख आहे.

मांडवात शिरलो तसा पहिलाच प्रश्न: "काय गं, उडालीस का?"

"न्हाई. हवा खराब होती."

एक म्हातारी पानाला चुना लावत होती. तिनं मान वर केली. "कवा?"

"रोजच, आज्जी."

"आमची गेवराईची बस बघ. तिला कवा हवा आडवी आलेली न्हाई. पाऊस असू, ऊन असू, येतीच."

"आज्जी, बस खालून जाती. विमानाला वर जावं लागतं."

म्हातारीनं पान तोंडात सरकवलं. नीट चावून झाल्यावर म्हणाली, "मग इतकं अवघड जायलंय तर खालूनच जात जा की!"

प्रज्ञा हसली. लग्नात त्यानंतर कुणी काही विचारलं की ती सरळ सांगायची, "खालून जायलेय सध्या."

परत येताना बसमध्ये मात्र खिडकीबाहेरच बघत बसली. पाली जवळ आल्यावर म्हणाली, "काकू, लोक म्हणतेत मला भीती वाटती म्हणून साहेब सोडंना झालेत. माझ्याच चुलतभावानं म्हटलं. खरं सांगा, मी नीट उडवते का न्हाई?"

मी काय सांगणार? मी दहावी झालेली बाई, पोहे करते. मी म्हटलं, "तू खाली उतरतेस ना, तेव्हा माझ्या कपातला चहा हलत नाही. रोहनच्या वेळी सांडायचा." रोहन तिच्या बॅचचा पोरगा, डिसेंबरातच सोलो झालेला.

"खरंच?"

"खरंच." आणि ते खरंच होतं.

*

एक नियम मला फार उशिरा समजला. सोलोच्या आधी साहेब स्वतः सोबत उडून परीक्षा घेतात. त्याला चेक म्हणतात. चेक पास झाला की थोड्या दिवसांत एकटीनं उडायचं. तेवढ्यात नाही जमलं, तर चेक जुना झाला, आता परत नवीन चेक.

म्हणजे हवा चांगली असली की त्या दिवशी चेक व्हायचा. चेक होईपर्यंत ऊन चढायचं आणि वारा सुटायचा. मग "आज नको, उद्या." उद्या वारा. परवा वारा. चार-सहा दिवस असेच गेले की चेक जुना. मग एके दिवशी हवा चांगली. मग? परत चेक!

पाचव्या चेकवरून खाली उतरल्यावर प्रज्ञा कॅन्टीनमध्ये आली. साहेब मागंच होते हे तिला माहीत नव्हतं.

"काकू, साहेबांना मी इतक्यांदा वर नेऊन आणलंय ना," ती म्हणाली, "की आता साहेबांना एकटं सोडायला हरकत न्हाई!"

मी डोळ्यांनी खुणावत होते. साहेबांनी खुर्ची ओढली, बसले आणि शांतपणे म्हणाले, "मलाही वाटतं मी तयार आहे. पण आज नको."

*

मे महिन्यात एक दिवस उगवला तो असा, की मोज्याला हालचालच नाही. आभाळ निळंशार. मारुतीचं देऊळ सोडा, देवळापुढचा माणूस दिसत होता! चेक ताजा होता. गौतमभाऊ ड्यूटी बदलून घेऊन पहाटेच येऊन बसले होते. प्रज्ञा विमानाला हात लावून उभी.

साहेब बघत राहिले. बराच वेळ. मग म्हणाले, "आज नको."

"कावून?" गौतमभाऊ उठलेच. "आज काय हाय? वारा न्हाई, ढग न्हाई, धुकं न्हाई!"

"फारच चांगली हवा आहे. मला पटत नाहीये."

आता याला काय म्हणावं! शेषरावांनीसुद्धा कपाळाला हात लावला. प्रज्ञा माझ्या स्वयंपाकघरात येऊन सिलिंडरमागं बसली आणि रडली. पाच महिन्यांत पहिल्यांदा. गौतमभाऊ बाहेर साहेबांना बोलत होते आणि पाली, मांजरसुंबा, दोन्हीकडे ऐकू जाईल असं बोलत होते.

"साहेब, वारा सुटला की आमी खांबावर चढतो. तुमी खाली उतरता! आमची ड्यूटी सुरू व्हती तवा तुमची बंद व्हती. असली कसली हो नोकरी?"

साहेब म्हणाले, "तुमच्या खांबाचा पाय जमिनीत असतो, गौतमराव. माझ्या पोरीचा नसेल."

माझ्या पोरीचा म्हणाले.

तेवढ्यात, पाऊण तासही झाला नसेल, उत्तरेकडून लाल भिंतीसारखी धूळ आली. माझ्या कॅन्टीनचे दोन पत्रे उचलले गेले आणि पट्टीच्या मधोमध जाऊन आपटले. विमान बांधलेलं होतं तरी दोराला हिसके देत होतं. आम्ही सगळे आत भिंतीला चिकटून बसलो. कुणी कुणाकडे बघेना.

वारा थांबल्यावर गौतमभाऊ शिडी घेऊन वर चढले आणि पत्रे ठोकायला लागले. खाली शिडी कुणी धरली होती? साहेबांनी.

काम झाल्यावर गौतमभाऊ हात पुसत माझ्याजवळ आले. "ताई, साहेबांचं बरोबर हाय. चूक माझी हाय. मी आलो की वारा येतो."

"असं काही नसतं दादा."

"असतं. बघा तुमी, आठ बारी आलो, आठी बारी वारा. आता मी येत न्हाई. ती कवा जाणार हाय ते मला सांगू बी नका. मला नुसतं कळलं तरी वारा सुटंल. ती उडून खाली उतरली, पाय जमिनीला लागले, की मग फोन करा. त्याच्या आधी एक शब्द न्हाई. शपथ हाय तुमाला."

शिकलेला माणूस, हजारो व्होल्टच्या तारा हाताळणारा. पण मी शपथ घेतली.

*

जूनची सुरुवात. दुपारनंतर रोज ढग यायचे. शाळा बंद व्हायला दोन दिवस राहिले होते. साहेबांची बॅग भरून झाली होती, शेषराव विमानावर टाकायची ताडपत्री झटकत होते. मी डबे घासून पालथे घातले होते. प्रज्ञा पांढरा शर्ट घालून आली, पण इस्त्री केली नव्हती.

साहेब पट्टीच्या टोकाशी गेले. मोज्याकडे बघितलं, ढगाकडे बघितलं. चष्मा पुसला नाही. म्हणाले, "चल, दोन चकरा मारू."

सहावा चेक! प्रज्ञानं माझ्याकडे बघून डोळे फिरवले आणि गेली. दोघं वर गेले. एक चक्कर, उतरले, परत वर, दुसरी चक्कर. आमचं विमान उठलं की पालीच्या बाजूनं वळसा घेऊन परत येतं. दुसऱ्यांदा उतरल्यावर ते पट्टीच्या कडेला थांबलं. पंखा फिरतच होता. साहेबांनी दार उघडलं, खाली उतरले, दार लावून घेतलं, आणि वाकून काचेतून काहीतरी म्हणाले.

नंतर प्रज्ञानं सांगितलं, एकच शब्द म्हणाले. "जा."

विमान वळलं, पळालं आणि उठलं. साहेब नसल्यानं हलकं झालं होतं, नेहमीपेक्षा लवकर उठलं. साहेब पट्टीच्या कडेला, हात पाठीमागं बांधून. शेषराव ताडपत्रीचं टोक हातात तसंच धरून. मी दारात, हातात गाळणी. मोजा खांबाला चिकटून लोंबत होता आणि मी नुसती त्याच्याकडेच बघत होते, हलू नको बाबा, एवढी चक्कर होऊ दे.

आणि फोन वाजला. गौतमभाऊ!

मी गाळणी काखेत मारली आणि फोन उचलला.

"ताई!" ते तापलेले होते. मागं रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज. "मी पालीला हाय, लाइनीवर. तुमचं ते पांढरं विमान माझ्या डोक्यावरून चाललंय. ही तिसरी चक्कर! मघाधरनं मोजायलोय मी! माझ्या पोरीला हवा खराब हाय म्हणून पाच महिने खाली बसविली, आन् हितं दुसऱ्याच्या लेकराला एका सकाळी तीन तीन चकरा? साहेबाला द्या फोन!"

मला शपथ घातलेली. आणि विमान अजून वरच. मी साहेबांकडे बघितलं, त्यांना काही ऐकू येत नव्हतं, ते फक्त आभाळात बघत होते.

"दादा," मी म्हटलं, "साहेब बोलायच्या स्थितीत नाहीत. तुम्ही एक करा. खांबावरून वर बघा आणि एकदा हात हलवा."

"कावून?" गौतमभाऊ ओरडले. "त्यात माझं कोण बसलंय?"